‘देव आले’ची व्युत्पत्ती

आमच्या घरी दारू हा शब्द तोंडातून काढायची पद्धत नव्हती. आजोबा कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर. गल्लीतला कुणी पिऊन बरळत निघाला की आई खिडकी ओढून घ्यायची आणि म्हणायची, "त्यांची प्रकृती बरी नाही आज." नशेसाठी मी ऐकलेला पहिला शब्द म्हणजे हा, प्रकृती. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात लागलो, मिरजगावात घर बांधलं आणि पन्नाशीला आल्यावर नशेच्या शब्दांच्या नादी लागलो. तेही स्वतः कधी थेंबभर न घेता. या गोष्टीचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

सुरुवात झाली ‘अंमल’पासून. वर्गात शिकवता शिकवता एकदा लक्षात आलं की राज्याचाही अंमल असतो आणि भांगेचाही. अंमलदार आणि अंमली पदार्थ एकाच घरातले. मग ‘कैफ’ पाहिला. अरबीत त्याचा अर्थ अवस्था, मनाची स्थिती. कचेरीत लिहून देतात ती कैफियतही तिथलीच. ‘मस्त’ म्हणजे फारसीत धुंद. फकीर देवाच्या नावानं मस्त व्हायचे, आता आपण मिसळ खाऊन ‘मस्त’ म्हणतो. दारू चढते आणि उतरते, भूतही चढतं आणि उतरतं. उतारा तर विचारूच नका. बाधा झालेल्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो उतारा, आणि आदल्या दिवशीची उतरावी म्हणून सकाळी घेतात तोही उताराच. मला वाटू लागलं की आपल्या लोकांनी नशेला पहिल्यापासून देवाधर्माच्या पंगतीत बसवलंय, आणि हे मी सिद्ध करून दाखवणार. एक जाड वही आणली.

त्याच हिवाळ्यात आम्ही घरावर पुस्तकांसाठी एक खोली चढवायला काढली. काम दिलं ते जवळच्या वस्तीवरच्या एका गवंड्याला. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला गोड. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याच्या हाताखाली त्याची बायकोच बिगारी होती. वाळू चाळणं, माल कालवणं, घमेली जिन्यानं वर नेणं, सगळं तिच्याकडे. दोन मुली शाळेत जायच्या.

एकदा चहाच्या वेळी मी सहज विचारलं, "मिस्त्री, तुम्ही घेता का कधी?"

तो हसला. "घेत हुतो सर. लई घेत हुतो. आता वरीस होत आलं. भैरोबाम्होरं बेलभंडार उचलून सोडली."

"मग शब्द माहीत असतील तुम्हाला."

"कसले शब्द?"

"एखाद्याला चढली की लोक काय काय म्हणतात ते."

त्यानं कपातला चहा संपवला, थापी बाजूला ठेवली आणि सांगायला बसला. टाइट, टुन्न, तर्र, टल्ली. चपटी घेतली, विमान उडालं. तीर्थाला गेलाय, समाधीत हाय. आणि तार. "तारंत हाय म्हंजी अजून मजेत हाय सर, पडला न्हाई. भजनात एकतारी लावत्यात बगा, तसं. लागली की मानूस आपल्यात ऱ्हात न्हाई." हे सांगताना त्याचा हात हवेत तसाच राहिला होता. मला वाटलं काय सुंदर बोलतोय. त्याच्या चेहऱ्यावर दुसरंही काही होतं. वर्षभर जे बाजूला ठेवलं होतं त्याची चव तो तोंडात घोळवत होता. हे मला कळायला हवं होतं. माझ्या बायकोला खालून चहाचे कप न्यायला आल्यावर कळलं. ती संध्याकाळी म्हणाली, "त्या माणसाला हे विषय कशाला काढायला लावताय?" मी म्हणालो, "अगं, भाषेचं काम आहे."

रोज दुपारी असंच होऊ लागलं. मिस्त्रीची बायको घमेलं घेऊन यायची आणि त्याला म्हणायची, "माल वाळाया लागलाय." तो म्हणायचा, "दम धर, सर लिहून घेत्यात." ती घमेल्यातला माल हातानं हलवत उभी राहायची. तिला मी एकदाही काही विचारलं नाही. नशेचे शब्द बायकांकडे कुठून असणार, असं मी धरूनच चाललो होतो.

एका दुपारी तो हसत म्हणाला, "आमच्या घरी तर येगळंच. मी पिऊन आलो की थोरली पोरगी दारातनं वरडायची, ‘आई, देव आले!’"

मी वहीतून मान वर केली. "देव आले?"

"व्हय. अन् मग हीसुदिक म्हनायची, या देवा, बसा देवा. लई मजा यायची."

त्याची बायको त्या वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर होती, डोक्यावर घमेलं होतं. ती थांबली. क्षणभरच, मग पुढे आली आणि माल ओतून खाली गेली. तिचं थांबणं मला दिसलं होतं, हे आज मला नक्की आठवतं. त्या क्षणी मी वहीत ‘देव आले’पुढे कंसात ‘आदरार्थी अनेकवचन’ असं लिहीत होतो.

हा शब्द मिळाल्यावर मला अवसान चढलं. अंगात देव येणं आणि दारू पिऊन घरी येणं यांना एका लहान मुलीनं एकाच वाक्यात जोडलं होतं. मला आणखी हवं होतं. मिस्त्री म्हणाला, "माझ्याकडचे सरले सर. नवीन शब्द ऐकायचे तर तिथंच बसाया पायजे."

"मग चला ना घेऊन मला."

त्यानं थापी उचलली. "मी जात न्हाई आता तिकडं."

"अहो, तुम्ही घेऊ नका. मी तरी कुठे घेणार आहे? नुसतं ऐकायचं. तुमच्याशिवाय माझ्याशी कोण बोलेल तिथे?"

तो नाही म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. खरं तर तो नाहीच म्हणाला होता.

रविवारी दुपारी गेलो. हायवेच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, बाहेर दोन टेम्पो, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कॉलेजचा सर बघून लोक आधी आखडले. त्यांना बोलतं करायला मी एक बाटली मागवली आणि टेबलावर ठेवली. मग बोलणं सुरू झालं. दोन-तीन शब्द खरोखर नवीन मिळाले. कुणीतरी मिस्त्रीपुढेही ग्लास सरकवला. तो त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, एक दावतो तुमाला. लिहा." त्यानं उजव्या हाताचं बोट ग्लासात बुडवलं आणि तीन थेंब जमिनीवर उडवले. "आधी त्येला द्यायचं. मंग आपन."

"त्याला म्हणजे कुणाला? देवाला की पितरांना?"

"दोगास्नी," तो म्हणाला आणि प्याला.

मी लिहीत होतो. तीन थेंब, उजवा हात, तर्जनी नव्हे, अनामिका. गंध लावतात ते बोट. मला इतका आनंद झाला होता की त्यानं ग्लास रिकामा केला हे मी पाहिलं आणि तेही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात तो दोन दिवस आला, दोन दिवस नाही. मग आलाच नाही. खोलीला आतून अर्धा गिलावा झाला होता. एका सकाळी त्याची बायको एकटी आली आणि फाटकाशीच उभी राहिली.

"सर, ते न्हाई यायचे आज."

"का, काय झालं?"

"परत लागली त्यांना. बरं चाल्लं हुतं वो. कुनी पाजली काय म्हाईत. कुनाचं वाईट केलं हुतं आमी."

मी फाटकाच्या कडीला हात लावून उभा होतो. एवढंच म्हणालो, "बघू, समजावतो मी त्यांना." ती म्हणाली, "तुमचं ऐकत्यात ते. तुमाला लई मानत्यात." आणि गेली.

समजवायला मी गेलो नाही. चर्चासत्र जवळ आलं होतं. अहिल्यानगरला एका कॉलेजात लोकभाषेवर निबंध वाचायचे होते, माझा निबंध त्यात होता. मी तो असा वाचला की सभागृह हसून लोटपोट झालं. टल्ली हा शब्द तल्लीनवरून आला असं मी ठणकावून सांगितलं. त्याला कसलाही पुरावा माझ्याकडे नव्हता, कानाला गोड लागलं म्हणून ठोकून दिलं. तीन थेंबांवर लोकांनी माना डोलावल्या. शेवटी मी ‘देव आले’ काढलं. दारात उभी राहून ओरडणाऱ्या मुलीचा आवाज काढून दाखवला. टाळ्या पडल्या. "लोकमानसाला मद्यधुंद बापातही दैवी संचार दिसतो," हे माझं वाक्य. लोक चहाच्या वेळीही ते म्हणून हसत होते. शाल मिळाली. परतीच्या एसटीत मला मिस्त्रीची आठवण झाली ती अशी, की ह्याचं श्रेय त्यालाही द्यायला हवं. मिरजगावला उतरून पेढ्यांचा पुडा घेतला आणि त्याच्या वस्तीकडे निघालो.

ऊन अजून होतं. त्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं खुर्ची आणून दिली. धाकटी पोरगी अभ्यास करत होती, थोरली बाहेर रस्त्याकडे तोंड करून दोरीवरचे कपडे काढत होती. मी पेढे पुढे केले. बायको काही विचारणार, तेवढ्यात थोरली तिथूनच म्हणाली, "आई, देव आले."

ती ओरडली नाही. मी सभागृहात काढून दाखवला होता तसला आवाज तर मुळीच नव्हता. बारीक, सपाट आवाज होता, जसं कुणी सांगतं की दूध उतू जातंय.

आणि ते घर हललं. बायकोनं तांदळाचं सूप कोनाड्यात सरकवलं. हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि डब्यात टाकल्या. धाकटीनं दप्तर उचललं आणि मागच्या बाजूनं शेजारणीच्या घरात दिलं. थोरलीनं येताना कुदळ, थापी आणि वरवंटा उचलून खाटेखाली सारला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पेढ्यांचा पुडासुद्धा कुणीतरी उचलला. मी खुर्चीत होतो. माझं काय करायचं एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "बांगड्या का काढल्या?"

"फुटल्या की लागत्यात," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता घाईघाईनं पुढचं बोलली. "पयल्यांदा पोरी म्हनायच्या, बाप आला. एकदा त्यांनी ऐकलं. काय वंगाळ बोलली का माझ्याबद्दल, म्हनून थोरलीला मारलं. मंग मीच शिकवलं, देव आले म्हना. त्याचा राग येत न्हाई त्यांना. देव म्हनलं की जरा बरं बसत्यात."

एवढीच त्या शब्दाची व्युत्पत्ती होती.

तो आत आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "सर! माझ्या घरी!" बायको म्हणाली, "या देवा, बसा." तो बसला. त्यानं तिला सांगायला सुरुवात केली. "तुला सांगतो, ह्या मानसानं मला परत तारंत आनलं. सवता बाटली मांडली माझ्याम्होरं. म्हनले, मिस्त्री, तुमच्याबिगर जमत न्हाई. कोन म्हनतं आपल्याला असं? सर, त्या दिसाचे तीन थेंब लिवले न्हवं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी हुता व्हय तिथं?"

"होतो," मी म्हणालो.

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला म्हणाली, "तुमी जावा आता, सर. त्यांची झोपायची येळ झाली." मी उठलो. बांधापर्यंत जाईतो मागे कान लावून होतो. काही आवाज आला नाही. आला असता तर मी मागे फिरलो असतो की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही.

घरी येऊन माझ्या बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता?" दुसऱ्या दिवशी निबंध छापणाऱ्यांना फोन करून ‘देव आले’चा परिच्छेद काढा म्हटलं. संपादक म्हणाले, "अहो सर, तोच तर जीव आहे निबंधाचा." मी म्हटलं, "बघा मग तुम्हीच," आणि फोन ठेवला. मी भांडलो नाही. कारण आत कुठेतरी मलाही तो परिच्छेद राहावा असं वाटत होतं.

आठेक दिवसांनी मिस्त्रीची बायको आली. बरोबर थापी, रंधा आणि ओळंबा होता. "उरलेला गिलावा मी करते," ती म्हणाली. "बारा वर्सं बगतीय. येतंय मला." मी हो म्हटलं. पाच दिवस ती एकटी काम करत होती. माल स्वतः कालवायची, वर न्यायची, लावायची. भिंत चांगली झाली, त्याच्या भिंतीपेक्षा सरळ. मी त्या दिवसांत वर गेलोच नाही, कॉलेजातही उशिरापर्यंत बसायचो. शेवटच्या दिवशी हात धुताना तिनंच बोलणं काढलं.

"सर, नगरला एक जागा हाय म्हनं. तिथं ठिवून घेत्यात, सोडवत्यात. ते यायला तयार झालेत, पर म्हनत्यात सर आले तर येतो. तुमी चला."

आम्ही तिघं गेलो. शहराबाहेरच्या एका जुन्या बंगल्यात ते व्यसनमुक्ती केंद्र होतं. टेबलाशी एक तरुण मुलगी फॉर्म भरत होती. वय, गाव, कधीपासून घेता, मध्ये कधी सोडली होती का. मिस्त्री मान खाली घालून उत्तरं देत होता. मग तिनं विचारलं, "वर्षभर बंद होती, तर परत कशी सुरू झाली? काही कारण घडलं का?"

मिस्त्री बोलायच्या आत त्याची बायको म्हणाली, "ते सर सांगतील."

मी सांगितलं. वही, दुपारचे चहा, मिस्त्री नको म्हणाले होते ते, शेड, बाटली, ग्लास. मी गोल गोल बोलू लागलो की ती मुलगी पेन थांबवून विचारायची, "म्हणजे दारू तुम्ही मागवलीत?" मी म्हणायचो, "हो." "यांनी सोडलीय हे तुम्हाला माहीत होतं?" "हो." ती तेवढंच लिहायची. वर्गात तीस वर्षं बोललोय, पण माझं बोलणं कुणी इतक्या थोड्या शब्दांत कधी उतरवून घेतलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पेशंटशी तुमचं नातं?"

बायकोच म्हणाली, "काम हुतं आमचं त्यांच्याकडं."

मिस्त्री मात्र मला दोष देऊ देईना. "सरांचं काय न्हाई त्यात," तो त्या मुलीला म्हणत होता, "ग्लास माझ्याच हातानं उचलला मी." ते ऐकणं सगळ्यात जड गेलं.

तो तिथं राहिला, परत आला, पाच महिने नीट गेले. मग एका लग्नात पुन्हा घेतली. पुन्हा तिकडे जाऊन आला. आता सव्वा वर्ष झालं, बंद आहे. पुढचं कुणी सांगू शकत नाही, तोही सांगत नाही. नवराबायको मिळून कामं घेतात. आता गिलावा तीच करते आणि बांधकाम तो. तिच्या हातात बांगड्या असतात की नाही हे मी दर वेळी बघतो. असतात.

निबंध एका त्रैमासिकात छापून आला, त्या परिच्छेदासह. पुढच्या अंकात मी दुरुस्ती पाठवली. ‘देव आले’ हा प्रयोग भक्तीतून नव्हे तर भीतीतून आला असल्याचं आढळलं, अशी दोन ओळींची. आढळलं कुठे, कसं, माझा त्यात काय वाटा, हे त्यात नव्हतं. टल्लीचं तर मी दुरुस्तही केलं नाही. परवा एका विद्यार्थिनीनं तिच्या प्रकल्पात तल्लीनवरून टल्ली असं लिहून खाली माझ्या निबंधाचा आधार दिला होता. तिला मी काय सांगावं या विचारात तो प्रकल्प आठवडाभर टेबलावर ठेवला. मग बोलावून सांगितलं, की ते मी मनानं लिहिलं होतं, खोडून टाक.

मिस्त्री बाजारात भेटला की लांबूनच हात जोडतो. पानटपरीवर चार माणसांत सांगतो, ह्या सरांच्या पुस्तकात माझं बोलनं छापलंय. आणि मग मला बाजूला घेऊन विचारतो, "सर, त्यो अंक द्या की एक. पोरीकडनं वाचून घेतो."

मी म्हणतो, "शोधतो." गेली दोन वर्षं मी हेच म्हणतोय. अंकाच्या पाच प्रती माझ्या कपाटात आहेत. थोरली आता अकरावीला आहे, आणि तिला सगळं स्वच्छ वाचता येतं.